खाट क्रमांक चौदा ‘ठेवून गेले’ या सदरातून काढणेबाबत

प्रति,
मा. प्रणाली अधिकारी,
माहिती व नोंदणी विभाग,
दीर्घोपचार रुग्णालय, तळमजला.

अर्जदार: नोंदणी लिपिक, खिडकी क्र. २, तळमजला (आपल्या दालनासमोर).

विषय: दुसरा मजला, पुरुष कक्ष, खाट क्र. १४ वरील रुग्णाचे नाव ‘ठेवून गेले’ या सदरातून काढणे व त्यांची दूरच्या केंद्राकडे होणारी रवानगी थांबवणेबाबत.

संदर्भ: १) आपले तोंडी उत्तर, गेल्या महिन्याची २४ तारीख.
२) आपले दुसरे तोंडी उत्तर, चालू महिन्याची ४ तारीख.
३) प्रणालीतील अभिप्रायाच्या बटणांवर मी दिलेले अभिप्राय, एकूण सतरा, सर्व ‘रडका चेहरा’.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून कळवते की, मी या रुग्णालयात चोवीस वर्षे नोंदणी लिपिक आहे. आपण मला ओळखता. आपल्या दालनाबाहेरच्या भिंतीवर माझा फोटो आहे आणि त्याखाली ‘आपली ताई’ असे लिहिले आहे. तरीही नमुन्यात ‘अर्जदाराची ओळख’ हा रकाना सक्तीचा असल्याने ओळख देत आहे. खाट क्र. १४ वरील रुग्ण हे माझे यजमान आहेत. व्यवसायाने शिंपी. अर्धांगवायूनंतर, गेल्या महिन्याच्या आठ तारखेला, त्यांना मोठ्या दवाखान्यातून आपल्याकडे हलवण्यात आले. उजवी बाजू गेली आहे, वाचा गेली आहे. समजते सगळे, वाचताही येते. आपल्या प्रणालीनुसार त्यांना त्या दिवसापासून आजपर्यंत एकही माणूस भेटायला आलेला नाही. मी त्यांना दिवसातून तीन वेळा भेटते.

२. हे कसे घडले ते मुळापासून सांगणे भाग आहे. मागील वर्षी जुन्या नोंदवह्या बंद करून संगणक प्रणाली आणायचे ठरले. तशी एक त्याआधीही आणली होती. ती कोणीतरी वरच्या मजल्यावर बसून बनवली होती आणि तिच्यात एक रुग्ण दाखल करायला एकोणीस वेळा बटण दाबावे लागे. आम्ही ती दोन महिने चालवली आणि नंतर त्या यंत्रावर फाइली रचल्या. म्हणून या वेळी वापरणाऱ्याला केंद्रस्थानी ठेवून प्रणाली बनवावी, असे आपले परिपत्रक निघाले. वापरणारी म्हणजे मी.

त्यासाठी दोघे जण आले. एक चष्मेवाल्या बाई, वयाने माझ्या भाचीएवढ्या, आणि एक पेन्सिलवाला, जो दिसेल त्या कागदावर चौकोन काढत बसे. दोघे तीन आठवडे माझ्या खुर्चीच्या मागे स्टुलावर बसले. पहिल्याच दिवशी चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, “ताई, आम्ही काही शिकवायला आलेलो नाही. तुमच्याकडून शिकायला आलोय.” चोवीस वर्षांत मला या इमारतीत कोणी असे म्हटले नव्हते. मला आजवर विचारलेला सर्वात मोठा प्रश्न म्हणजे “साहेब आहेत का?” तेव्हा हरभऱ्याच्या झाडावर चढायला मला शिडीसुद्धा लागली नाही, हे कबूल करते.

३. त्यांची पद्धत अशी होती की मी नेहमीचे काम करायचे आणि करताना मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायचे. थांबले की बाई मागून हळूच म्हणायच्या, “ताई, गप्प बसू नका. विचार बाहेर येऊ द्या.” जिला आयुष्यभर माहेरी आणि सासरी “जरा तोंड आवर” एवढेच सांगण्यात आले, तिला हे सांगितल्यावर काय होणार? जिभेला हाड नसते, माझ्या तर कधीच नव्हते. मी बोलले.

जुन्या नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात मी काही नावांपुढे शिसपेन्सिलीने ‘ठे.’ लिहीत असे. हा कार्यालयीन शब्द नाही, माझा आहे. पेन्सिलवाल्याने विचारले, हे काय? मी म्हणाले, “ठेवून गेले. छत्री विसरतात तसं नाही, मुद्दाम. पहिल्या आठवड्यात फळं आणतात, दुसऱ्या आठवड्यात कारणं आणतात. तिसऱ्या आठवड्यात काही आणत नाहीत, कारण येतच नाहीत.” दोघे खूप हसले. बाईंनी ते पिवळ्या चिठ्ठीवर लिहून भिंतीला डकवले. मग मला चेव चढला. तीन आठवड्यांत भिंतीवर एकसष्ट चिठ्ठ्या लागल्या, त्यांतल्या चव्वेचाळीस माझ्या बोलण्याच्या होत्या. त्या मी मोजल्या आहेत.

घरी जेवताना हा विनोद मी यजमानांना सांगितला. ते हसले नाहीत. ते म्हणाले, “माप देताना माणूस पोट आत घेतो. छाती काढून उभा राहतो. ते माप धरायचं नसतं. दोन इकडच्या तिकडच्या गोष्टी करायच्या, तो विसरला की मग टेप लावायची.” मी म्हणाले, तुम्हाला कपड्यापलीकडे काही कळत नाही. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, मीच रोज काढत असे. ‘ठेवून गेले’ हा शब्द त्यांनी माझ्या तोंडून किमान शंभर वेळा ऐकला असेल.

४. माझ्या बोलण्यावरून पुढील नियम तयार झाले. प्रत्येकाखाली माझी मान्यतेची सही आहे, ती मी नाकारत नाही.

(अ) पंधरा दिवस भेटीची नोंद नसल्यास रुग्णाचे नाव राखाडी होते व ‘ठेवून गेले’ या सदरात जाते. बटणावर वापरणाऱ्याचाच शब्द असावा असा त्यांचा आग्रह असल्याने माझा शब्द जसाच्या तसा बटणावर आला. रंगही मीच सांगितला.

(आ) आणखी पंधरा दिवस गेल्यास सोमवारच्या गाडीने दूरच्या केंद्राकडे रवानगी. हे केंद्र बसने सहा तासांवर आहे.

(इ) भेटीची वेळ चार ते पाच. मी म्हणाले होते, “साडेपाचला माझी सुट्टी. यांना हाकलता हाकलता माझी बस चुकते.” रविवारी भेट बंद, हा नियम जुनाच आहे, तो माझ्या माथी मारू नये.

(ई) शेजारी, मित्र, ओळखीपाळखीचे यांच्या भेटी मोजायच्या नाहीत. “मुलगा घरी बसतो आणि शेजाऱ्याला सही करायला पाठवतो, ती काय भेट झाली?”

(उ) भेटीची नोंद लिपिकाच्या हाती ठेवू नये, कारण लोक गळ घालतात. ती दारावरच्या यंत्रात अंगठ्याने व्हावी.

(ऊ) नात्याच्या यादीत मुलगा, मुलगी, सून, जावई, भाऊ, बहीण आणि इतर. यादी लांबली की माझे डोळे दुखतात म्हणून दोन नाती मी स्वतः कमी करवली. मी म्हणाले, “नवरा-बायको कुठे टाकून जातात? त्यांना कशाला विचारायचं?”

या सगळ्यातून त्यांनी कागदावर एक बाई तयार केली. तिला नाव दिले ‘ताई’, फोटो माझा लावला. शेजारी लिहिले: वय ५१, चष्मा, मनगट दुखते, संयम कमी, स्वभाव विनोदी, कुटुंबात यजमान, व्यवसाय शिंपी, प्रकृती उत्तम. आम्हाला मूलबाळ नाही, तो रकाना त्यांनी सभ्यपणे रिकामा ठेवला. पुढे काही वाद निघाला की ते त्या कागदाकडे बघून विचारत, “ताईला हे चालेल का?” मी शेजारीच बसलेली असायची.

नातेवाइकांना जाणाऱ्या फोनवरचा आवाजही माझाच घेतला. बाई म्हणाल्या की माझ्या आवाजाने लोक ऐकतात.

५. मी हे सदर वापरले. आवडीने वापरले, असे लेखी नमूद करते. पहिल्या सोमवारी सात नावे रवाना केली. त्यांतल्या एका म्हातारीचा मुलगा दुसऱ्याच दिवशी कपड्यांची पिशवी घेऊन आला. तो लांबच्या रस्त्यावर ट्रक चालवतो. मी पडदा त्याच्याकडे फिरवला आणि म्हणाले, “वाचता येतं ना?” त्याने वाचले. तो म्हणाला, “ठेवून नाही गेलो हो बाई, कामावर गेलो होतो.” मी म्हणाले, “बटण दोघांना एकच आहे.” रांगेतले चार लोक हसले. तो पिशवी खिडकीवर ठेवून, तेवढी पाठवा म्हणाला आणि गेला. पिशवी पाठवायची राहून गेली. प्रणालीत पिशवी पाठवण्याचे बटण नाही, कारण ते मी मागितले नव्हते.

६. आता मूळ गाऱ्हाणे. यजमान दाखल झाल्यापासून मी सकाळी कामावर चढण्यापूर्वी, दुपारच्या सुट्टीत आणि सायंकाळी सुटल्यावर त्यांच्याजवळ जाते. दुपारी मऊ भात भरवते. माझ्या हातून ते खातात, इतर कोणाच्या हातून अर्धाच खातात. मी कर्मचाऱ्यांच्या जिन्याने जाते, तिथे यंत्र नाही. दहाव्या-बाराव्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी दुपारी धावत दारावरच्या यंत्रापाशी जाऊन अंगठा लावला. त्यावर उत्तर आले: ‘आपण कर्मचारी म्हणून आत आहात. भेटीसाठी आधी बाहेर जावे.’ बाहेर मी साडेपाचनंतर जाते. भेट पाचला संपते.

चोवीस तारखेला सोमवारी सकाळी पडदा उघडला तर त्यांचे नाव राखाडी. मी ते वाचत असतानाच माझ्या पर्समधला फोन वाजला. उचलला. पलीकडून मीच बोलत होते. “आपल्या माणसाला भेटायला पंधरा दिवसांत कोणी आलेलं नाही. आमच्याकडे खाटा मोजक्या आहेत. आपली वाट किती बघायची ते आपणच ठरवा.” त्या आवाजात किती तिटकारा आहे हे मला रेकॉर्डिंगच्या दिवशी कळले नव्हते. बाईंनी तर तिसऱ्या खेपेला “आता अगदी छान” म्हटले होते. शेवटी ‘समजले असल्यास एक दाबा’ असे येते. मी एक दाबले.

त्याच सकाळी मी आपल्या दालनात आले. आपण बसायला खुर्ची दिलीत, पाणी मागवलेत, याबद्दल आभारी आहे. आपण दाराबाहेरच्या भिंतीवरच्या कागदाकडे हात करून म्हणालात, “प्रणाली ताईंसाठी बनवलेली आहे. ताईंचे यजमान ठणठणीत आहेत. त्यांना ही अडचण येत नाही.” मी म्हणाले, ती ताई मीच. आपण म्हणालात, “तुम्ही एक व्यक्ती आहात. ताई ही सगळ्यांची सरासरी आहे.” नंतर आपण नियम सांगितलात की एकाला आलेली अडचण ही तक्रार असते, आणि तीच अडचण पाच वापरणाऱ्यांना आली तर तो प्रणालीचा दोष ठरतो. दोष दुरुस्त होतो, तक्रारीची नोंद होते.

सत्तावीस तारखेला रजा घेऊन मी चार वाजता पुढच्या दाराने आले. यंत्राने नाते विचारले. यादीत पत्नी नाही. मी ‘बहीण’ दाबले. यंत्राने अंगठा तपासून लिहिले: ‘आपल्या कर्मचारी नोंदीत हे रुग्ण आपले पती आहेत. माहिती जुळत नाही.’ म्हणजे यंत्राला ठाऊक आहे. मग ‘इतर’ दाबले. यंत्र म्हणाले: ‘धन्यवाद. ही भेट मोजली जाणार नाही.’ आणि दार उघडले. त्यांना भाऊ होता, तो गेला. त्यामुळे मोजता येईल असे नाते या जगात कोणाकडेच उरलेले नाही. नोकरी सोडून मोकळी होईन म्हटले तर राजीनाम्यानंतर एक महिना कामावर यावेच लागते.

७. तेव्हा मी पाच वापरणारे शोधायला लागले. अट अशी की या इमारतीत नोकरी असावी आणि घरचे माणूस इथेच खाटेवर असावे. पहिली मी. दुसरी धुलाईघरातली बाई, तिचे वडील तिसऱ्या मजल्यावर आहेत. तिचे नाते यादीत आहे पण वेळ माझीच, म्हणून आपण तिला अर्धी धरण्यास तयार झालात, त्याबद्दल आभार. पुढे कोणी मिळेना. औषधखिडकीवरच्या बाईंच्या यजमानांना रक्तदाबाचा त्रास आहे. मी त्यांची रोज चौकशी करते. पूर्वी करत नव्हते. गेल्या आठवड्यात त्या म्हणाल्या, “आता बरं आहे हो, गोळी बदलली,” आणि माझे तोंड उतरले. त्यांना ते दिसले असावे, कारण आता त्या माझ्याबरोबर चहा पीत नाहीत. लिफ्टवाल्याच्या आईला कंबरेचे दुखणे आहे, तिच्याकडूनही मी काही दिवस आशा धरून होते. दुसऱ्याच्या घरात माणूस आडवे पडावे म्हणून मी तेरा दिवस वाट पाहिली. हे लिहायला मला लाज वाटते, पण अर्जात सर्व प्रयत्नांचा तपशील देणे आवश्यक आहे असे नमुन्यात म्हटले आहे.

चार तारखेला मी पुन्हा आले, आपण दीड वापरणारा पुरेसा नाही म्हणालात. मी चष्मेवाल्या बाईंना फोन केला. त्या दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या एका ताईच्या मागे बसल्या होत्या, तरी बोलल्या. त्यांना खरोखर वाईट वाटले. त्या म्हणाल्या, “ताई, चूक तुमची नाही. चूक कधीच वापरणाऱ्याची नसते, रचनेची असते.” मी म्हणाले, मग रचना बदला. त्या म्हणाल्या, “पण तुम्ही आता वापरणाऱ्या राहिला नाहीत ना. तुम्हाला प्रणाली आतून-बाहेरून माहीत झाली. असे लोक आम्ही चाचणीत घेत नाही, त्यांना झालेला त्रास धरत नाही.” मग म्हणाल्या, काळजी घ्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

८. सबब विनंती की, (क) खाट क्र. १४ चे नाव राखाडी सदरातून काढावे; (ख) नात्याच्या यादीत ‘पत्नी’ हा एक शब्द घालावा, डोळे दुखले तरी चालतील; (ग) दुरुस्ती होईपर्यंत रवानगी स्थगित ठेवावी. माझ्या हिशेबाने मुदत मंगळवारी, नऊ तारखेला भरते, म्हणजे रवानगी त्यापुढच्या सोमवारी. आपल्याला विचार करायला वेळ आहे.

९. वरील मजकूर मी शनिवारी, सहा तारखेला लिहिला व अर्जाला क्रमांक घेतला. आज शुक्रवार, बारा तारीख आहे. विषय आता लागू राहिलेला नाही, परंतु विषय बदलल्यास क्रमांक रद्द होतो आणि नव्या क्रमांकाला आठवडा लागतो, म्हणून खाली पुढे लिहीत आहे.

१०. सोमवारी सकाळी नेहमीप्रमाणे रवानगीची यादी आली. पडद्यावर आठ नावे होती. मी ती दोनदा वाचली, बोट ठेवून वाचली. त्यांत यजमानांचे नाव नव्हते. मला इतके हायसे वाटले की मी बाकीच्या आठांचा विचारही केला नाही. ‘सर्व मान्य’ हे एकच बटण आहे. माझे मनगट दुखते म्हणून ते आठ वेळा दाबावे लागू नये, अशी ती सोय आहे. मी ते दाबले आणि चहा मागवला.

यादीत नऊ नावे होती. नववे पडद्याच्या खालच्या कडेखाली होते. खाली आणखी काही आहे अशी कोणतीही खूण तिथे नसते. पेन्सिलवाल्याने चाचणीच्या वेळी तिथे बाण काढला होता. मीच त्याला म्हणाले होते की आठच्या वर नावे कधी येत नाहीत, ती बारीकसारीक नक्षी काढून टाका. यादी तारखेप्रमाणे लागते, म्हणून सर्वात अलीकडचा रुग्ण सर्वात खाली. आणि प्रणाली मुदत रात्री बारापासून धरते, मी सकाळपासून धरली होती. एका दिवसाचा फरक पडला.

गाडी अकराला सुटते. खिडकीवरून ती दिसते. मी ती पाहिली.

साडेबाराला भाताचा डबा घेऊन वर गेले तर चौदा नंबरवर धुतलेली चादर घालत होते. कक्षातल्या सिस्टर म्हणाल्या, “अहो, तुमच्याच खिडकीवरून कागद आला. आम्हाला वाटलं, तुम्ही ठरवलं असेल. त्यांनी खुणेने कागद मागून घेतला, वाचला. त्रास काही दिला नाही.” रवानगीपत्राचा नमुना आपल्याला माहीत आहे. कारण या रकान्यात छापलेले असते ‘ठेवून गेले’. पाठवणार या रकान्यात माझी सही आपोआप उमटते. एकतीस वर्षे संसार झालेल्या माणसाला बायकोची सही ओळखता येते. आणि तो शब्द कोणाचा आहे हे या रुग्णालयातील रुग्णांपैकी फक्त त्यांनाच माहीत होते.

११. बुधवारी रजा घेऊन मी पहाटेच्या पहिल्या बसने केंद्रात गेले. चारपर्यंत फाटकाबाहेर बसले. दारावर आपलेच यंत्र आहे. ‘इतर’ दाबून आत गेले. ते खिडकीपासून तिसऱ्या खाटेवर होते, दाढी वाढलेली. मी म्हणाले, “मी पाठवलं नाही हो. चुकून झालं.” त्यांनी डाव्या हाताने छातीच्या खिशातून कागद काढला, चादरीवर पसरला, सुरकुती सपाट केली. आधी शब्दावर बोट ठेवले, मग सहीवर. मग माझ्याकडे बघितले. मी पुन्हा सांगितले, यंत्राचे सांगितले, नवव्या नावाचे सांगितले, रडलेही. त्यांनी बोट सहीवरून हलवले नाही. थोड्या वेळाने कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि डोळे मिटले. मी भात नेला होता. त्यांनी ओठ घट्ट केले. तिथल्या सिस्टर म्हणाल्या की सोमवारी संध्याकाळपासून असेच आहे, चमचा जवळ नेला की डाव्या हाताने बाजूला करतात, पाणी तेवढे घोटभर घेतात. पाचला घंटा झाली आणि मला बाहेर काढले.

१२. म्हणून वरील परिच्छेद ८ मधील तिन्ही विनंत्या मी मागे घेत आहे. प्रणाली आहे तशी राहू द्यावी. त्यांना परत आणण्याचाही आग्रह नाही, कारण परत दाखल करायला नातेवाइकाची मोजता येणारी भेट लागते. माझी आता एकच विनंती आहे. आपल्या कार्यालयाच्या कागदावर, आपल्या सहीने व गोल शिक्क्याने, एक ओळ लिहून द्यावी: ‘यांना यांच्या पत्नीने पाठवलेले नाही.’ हे खरे नाही, याची मला कल्पना आहे. शब्द माझा, सही माझी, बोटही माझेच होते. तरी लिहून द्यावे. ते अजूनही माझ्या शब्दावर विश्वास ठेवतात, आणि माझा शब्द त्यांच्या खिशात आहे. त्याच्यापुढे माझे तोंडी बोलणे टिकत नाही. दुसऱ्या कोणाची सही असेल तर कदाचित ते तोंड उघडतील. अर्जाला उत्तर देण्याची मुदत पंधरा दिवसांची आहे. तेवढे दिवस निघतील असे तिथल्या सिस्टरना वाटत नाही, म्हणून हा अर्ज आपल्या खिडकीतून न देता हातात देत आहे. ओळ मोठ्या अक्षरात लिहावी. माझे नाव तीत कुठेही येऊ नये.

कळावे. आपल्याच भिंतीवरची,

(सही)
नोंदणी लिपिक, खिडकी क्र. २
दि. १२, शुक्रवार

सोबत:
१) कोरा कागद, ओळ कुठे यावी ते शिसपेन्सिलीने आखून दिले आहे.
२) केंद्राचा पत्ता लिहिलेले पाकीट.
३) रवानगीपत्र जोडता आले नाही. रुग्ण ते स्वतःजवळून सोडत नाहीत.